पारडी बदलून पाहा

रात्री पावणेदहाला माझ्यापुढे दोन अहवाल होते आणि दोन्ही मीच लिहिलेल्या प्रोग्रॅममधून निघाले होते. पहिल्याचा प्रश्न असा: गावच्या संकलन केंद्रावरून आलेली प्रत्येक दूध-पावती संघाच्या डेटाबेसमध्ये आहे का? उत्तर आलं, सगळ्या आहेत. दुसऱ्याचा प्रश्न उलट: डेटाबेसमधली प्रत्येक पावती केंद्राच्या फाइलमध्ये आहे का? उत्तर आलं, एकही नाही. पावत्या त्याच, दिवस तोच, पाळीही तीच, सकाळची.

2011 सालची गोष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघासाठी आम्ही चौघं मिळून जावा भाषेत सॉफ्टवेअर करत होतो. दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघायचं आणि त्याआधी केंद्राची फाइल आणि संघाकडची नोंद एकमेकींशी ताडून पाहायची, असा रिवाज. केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "म्याडम, सगळ्या नोंदी हाईत म्हणून एक कागद आलाय, आन् एक बी न्हाई म्हणून दुसरा. बिल काढू का थांबू?" मी म्हटलं, थांबा. म्हणताना जीव वरखाली झाला. दहाव्या दिवसाच्या त्या पैशावर कुणाची पेंडीची उधारी असते, कुणाच्या पोराची फी असते. आमच्याही दारात दोन म्हशी होत्या, त्यामुळे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री जे कळलं ते मला आजवर पुरलं आहे, आणि संगणकाशी संबंध नसलेल्या माणसालाही ते समजावं असं मला मनापासून वाटतं. कारण दोन गोष्टी 'सारख्या' आहेत की नाहीत हा निवाडा आता माणसं कमी आणि प्रोग्रॅम जास्त करतात. तुमच्या खात्यात एकच रक्कम दोनदा जमा झाली का, मतदारयादीतली दोन नावं एकाच माणसाची का, हे कुठल्या तरी कोडमधली एखादी ओळ ठरवत असते.

आधी थोडी ओळख. वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंग म्हणतात त्या पद्धतीत 'क्लास' म्हणजे कोऱ्या पावतीचा नमुना आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे भरलेली पावती. एका नमुन्यावरून हव्या तेवढ्या पावत्या फाडता येतात. शिवाय जुन्या नमुन्यात एखादा रकाना वाढवून नवा नमुना करता येतो. मग जुना तो पालक, नवा तो अपत्य, आणि पालकाचं सगळं अपत्याला वारशानं मिळतं. ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी 1967 साली सिम्युला 67 या भाषेत ती आणली. पुढं 1995 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं जावा जाहीर केली तेव्हा त्यात सगळ्या क्लासांचा एकच मूळपुरुष ठेवला. त्याचं नाव 'ऑब्जेक्ट' आणि त्यानं प्रत्येकाला दिलेल्या शिदोरीत एक कृती आहे, 'इक्वल्स'. म्हणजे, समोरचा माझ्यासारखाच आहे का हे सांग.

यात पहिलीच मेख आहे. सातबाराचे दोन उतारे काढले तर कागद दोन, पण जमीन एक. संगणकाला काही न सांगता विचारलंत तर तो कागद बघतो, आणि कागद दोन म्हणून वेगळे असं सांगतो. जमीन बघायची असेल तर इक्वल्स आपण स्वतः लिहायचं: गट क्रमांक पाहा, क्षेत्र पाहा, हे जुळलं तर सारखे. आम्ही पावतीसाठी तेच केलं होतं. सभासद क्रमांक, वेळ आणि लिटर जुळले की पावती तीच.

इक्वल्स लिहिताना काही अटी पाळायच्या असतात आणि त्या जावाच्या अधिकृत दस्तऐवजात पहिल्यापासून नोंदवल्या आहेत. प्रत्येक वस्तू स्वतःशी समान हवी. क हा ख सारखा असेल, तर ख हा क सारखा हवा. क ख सारखा आणि ख ग सारखा, तर क ग सारखा हवा. यातलं शेवटचं तर युक्लिडनं भूमितीची सुरुवात करतानाच मांडून ठेवलं आहे. वाचताना वाटतं, हे काय सांगायला हवं? मलाही कॉलेजात तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या अटीचा अर्थ मला खरं तर आज्जीनं कॉलेजच्या कितीतरी आधी दाखवला होता. आठवडी बाजारात ती तागडीवर डोळे लावून बसायची. दुकानदारानं गूळ तोलला, काटा मधोमध आला, की म्हणायची, "आता पारडी बदल." गूळ वजनाच्या पारड्यात आणि वजन गुळाच्या पारड्यात. दांडीची एक बाजू लांब असली किंवा एका पारड्याखाली काही चिकटवलेलं असलं, की अदलाबदल केल्याबरोबर काटा सरकतो. खऱ्या तागडीला कुठलं पारडं कुठं याची पर्वा नसते.

माझ्या दोन अहवालांनी नेमकी पारडी बदलली होती, आणि काटा या टोकावरून त्या टोकाला गेला होता.

पण का? एक पावती उचलली. सभासद 47, साडेचार लिटर, 14 जुलै, सकाळी 6 वाजून 42 मिनिटं 10 सेकंद. फाइलमधली आणि डेटाबेसमधली अशा दोन्ही पडद्यावर छापल्या. तंतोतंत एक. पुन्हा छापल्या, तरी एक. तास गेला. मग ध्यानात आलं की दोन्ही तारखा छापताना मी त्यांना एकाच साच्यातून काढते आहे, म्हणजे फरक असलाच तर तो मीच पुसून टाकते आहे. साचा काढला आणि दोघींना आपापल्या परीनं बोलू दिलं. फाइलमधली वेळ इंग्रजी वाराच्या नावानं सुरू झाली, गुरुवार, मग महिना, तारीख, वेळ आणि शेवटी साल. डेटाबेसमधली सुरू झाली 2011 नं, आणि तिच्या शेपटीला एक टिंब आणि एक शून्य होतं. 42 मिनिटं, 10 पूर्णांक शून्य सेकंद.

त्या शून्यात सगळं होतं. फाइल वाचताना मी जावाचा 'डेट' हा क्लास वापरला होता. तो 1 जानेवारी 1970 पासून किती मिलिसेकंद झाले एवढा एक आकडा सांभाळतो. डेटाबेसमधून वाचताना मात्र हातात आला होता 'टाइमस्टॅम्प', जो डेटचंच अपत्य आहे. डेटाबेसमध्ये सेकंदाचा अब्जावा भागही ठेवता येतो, म्हणून या अपत्याला नॅनोसेकंदांचा एक रकाना जादा दिलेला. डेटला विचारलं की समोरचा तुझ्यासारखा आहे का, तर तो बघतो: समोरचा डेटच्या घराण्यातला आहे ना? आहे. मिलिसेकंद जुळतात ना? जुळतात. मग सारखा. तोच प्रश्न टाइमस्टॅम्पला विचारा. तो म्हणतो, समोरचा टाइमस्टॅम्प आहे का? नाही. त्याचे नॅनोसेकंद मला माहीत नाहीत, सबब सारखा नाही. यादीत शोध घेताना जावा प्रश्न विचारते ती शोधल्या जाणाऱ्या वस्तूला. फाइलची पावती शोधायला गेले तेव्हा डेटनं हो म्हटलं. डेटाबेसची पावती शोधायला गेले तेव्हा टाइमस्टॅम्पनं नाही म्हटलं.

मुलगा बापाला ओळख देईना, अशी गत.

दस्तऐवज उघडला तर तिथं सगळं लिहून ठेवलेलं होतं. टाइमस्टॅम्पचं इक्वल्स आणि डेटचं इक्वल्स उलटसुलट जुळत नाही, हे जावाकारांनी साफ कबूल केलं आहे. पुढं असंही म्हटलं आहे की हा वारसा केवळ अंमलबजावणीच्या सोयीचा आहे, टाइमस्टॅम्पला सरसकट डेट समजून वागवू नका. या कबुलीबद्दल मला आदर आहे. पण माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की कुळात नाव लावून घ्यायचं आणि मग या कुळातला मानू नका असं सांगायचं, हे मुळातच चुकलेलं आहे. असा क्लास डेटचं अपत्य व्हायलाच नको होता.

सकाळी सहकारी आला. सगळं ऐकून म्हणाला, सोपं आहे की. अपत्यालाच सांगू, समोर पालक आला तर तुझा जादा रकाना बाजूला ठेव आणि उरलेलं ताडून पाहा. झाली तागडी सरळ. दहाजण विचाराल तर नऊजण हेच सुचवतील. पण यात जी फसगत आहे ती आमच्याच पावत्यांवर दाखवते, कारण तिथं ती पैशात मोजता येते.

केंद्रावर दूध आलं की लिटर मोजायचे आणि टेस्टरवर फॅट काढायची. दर फॅटवर ठरतो. वीज गेली की टेस्टर बंद, मग फॅटचा रकाना नसलेली साधी पावती निघते. म्हणजे आमच्याकडे दोन क्लास: साधी पावती हा पालक, फॅटची पावती हे अपत्य. आता सभासद 47 च्या नावे एकाच वेळेच्या तीन पावत्या आल्या आहेत असं धरा. पहिलीत फॅट 6.5. दुसरी साधी. तिसरीत फॅट 7.2, कारण कुणीतरी हातानं दुरुस्ती केली. सहकाऱ्याच्या नियमानं पहिली दुसरीसारखी, कारण साध्या पावतीसमोर फॅट बघायची नाही. दुसरी तिसरीसारखी, कारण तेच. पण पहिली आणि तिसरी? फॅट वेगळी, म्हणून वेगळ्या. युक्लिडची अट मोडली.

मोडली तर मोडू दे, म्हणाल. आता या तीन पावत्या एकेक करून यादीत घाला आणि सारखी पावती आधीच असेल तर नवी टाकून द्या. क्रम असा लागला की पहिली, दुसरी, तिसरी, तर पहिली राहते, दुसरी जाते, तिसरी राहते. यादीत दोन पावत्या, म्हणजे साडेचार लिटरचं बिल दोनदा. आता क्रम बदला. साधी पावती सर्वांत आधी आली, तर मागून आलेल्या दोन्ही तिच्यासारख्या ठरून जातात. यादीत एकच पावती, आणि तीही बिनफॅटची. पावत्या त्याच तीन. कुठली आधी पोचली यावर उत्पादकाचे पैसे बदलले. असा दोष परीक्षेत सापडत नाही. पावसात दोन गावांची वीज जाते, एका गावची लाइन आधी येते, आणि मग तो उगवतो.

या कोड्याचा ज्यांनी नीट निकाल लावला त्यात जोशुआ ब्लॉक यांचं नाव पहिलं. जावातल्या याद्या, संच, कोश हा सगळा संग्रह ज्यांच्या हातून आकाराला आला ते हे गृहस्थ. 2001 साली आलेल्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात त्यांनी सरळ सांगून टाकलं: ज्या क्लासच्या वस्तू प्रत्यक्ष तयार होतात त्याला वारशानं वाढवून, त्यात तुलनेत धरायचा नवा रकाना घालून, शिवाय समानतेच्या सगळ्या अटी पाळायच्या, असा मार्गच नाही. डेट आणि टाइमस्टॅम्पचं उदाहरणही त्यांनी तिथं दिलं आहे. ते पुस्तक आमच्या कचेरीतल्या कपाटात होतं. मी ते वाचलं दहा वर्षांनी, या रात्रीनंतर.

एक पळवाट उरते. जात एक असेल तरच समान माना, म्हणजे पालक आणि अपत्य कधीच समान नाहीत. अटी सगळ्या पाळल्या जातात, हे खरं. पण त्यात दुसरा अन्याय होतो. आमच्या गटातल्या एका मुलीनं साध्या पावतीचं एक अपत्य केलं होतं, त्याचं काम फक्त पावती मराठीत छापायची. रकाना एकही वाढवलेला नाही. कडक नियम लावला तर मराठीत छापलेली पावती आणि मूळ पावती वेगळ्या ठरतात. अंगरखा बदलला म्हणून माणसाला ओळख द्यायची नाही?

इथं बार्बरा लिस्कॉव्ह यांचं म्हणणं आठवतं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या या बाईंनी 1987 मध्ये एका परिषदेच्या भाषणात वारशाची कसोटी मांडली आणि 1994 मध्ये जेनेट विंग यांच्याबरोबर ती काटेकोर गणितात बसवली. सोप्या शब्दांत ती अशी: जिथं पालक चालतो तिथं अपत्य आणून बसवलं तरी कामात बिघाड होता कामा नये. होत असेल तर ते अपत्य म्हणवून घ्यायला पात्र नाही. 2008 चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. मी त्यांचा लेख वाचला तेव्हा मला टाइमस्टॅम्पच्या दस्तऐवजातलं ते वाक्य पुन्हा दिसलं. पालक समजून वागवू नका म्हणणारं अपत्य या कसोटीवर नापास आहे.

स्काला भाषेचे कर्ते मार्टिन ओडर्स्की आणि त्यांचे सहलेखक लेक्स स्पून व बिल व्हेनर्स यांनी 2009 मध्ये एक मधला मार्ग सुचवला. तुलना करणाऱ्यानं समोरच्यालाही विचारायचं, माझ्याशी तुलना व्हायला तुझी तयारी आहे का? रकाना वाढवलेलं अपत्य पालकाला नाही म्हणेल, नुसतं छपाई बदलणारं अपत्य हो म्हणेल. स्थळ जुळवताना पसंती दोन्हीकडून लागते, तसंच हे. पायथॉन भाषेतही याच्या जवळपासचा विचार आहे. तिथं पालक आणि अपत्य यांची तुलना आली आणि अपत्यानं समानतेचा स्वतःचा नियम लिहिलेला असला, तर ते कुठल्याही बाजूला असो, आधी त्याला विचारतात. त्याला ठरवता आलं नाही तर ते तसं सांगू शकतं, मग दुसऱ्याला विचारतात. पायथॉनची ही 'मला ठरवता येत नाही' म्हणण्याची मुभा मला फार आवडते. जावाच्या इक्वल्सला हो किंवा नाही यापलीकडे बोलताच येत नाही.

आम्ही मात्र ब्लॉक यांनी सुचवलेली वाट धरली. फॅटची पावती हे साध्या पावतीचं अपत्य राहू दिलं नाही. तिच्या पोटात एक साधी पावती ठेवली आणि शेजारी फॅटचा रकाना. फॅटच्या पावत्या फॅटच्या पावत्यांशी ताडायच्या. साधीशी ताडायची वेळ आली तर पोटातली साधी पावती काढून ती ताडायची, म्हणजे आपण फॅट सोडून देतो आहोत हे कोड वाचणाऱ्याला दिसतं. नातं तोडलं म्हणून काही जण हळहळले. माझ्या मते ते नातं कधी नव्हतंच, नमुना उसना घेण्याची सोय होती.

वारसा आणि समानता यांचं कायमचं वाकडं आहे असं मात्र समजू नका. जावातच 'ॲरेलिस्ट' आणि 'लिंक्डलिस्ट' या दोन याद्या आहेत. आतून त्यांची रचना अगदी वेगळी. एकीत सगळं ओळीनं मांडलेलं, दुसरीत प्रत्येकाच्या हातात पुढच्याचा पत्ता. तरी दोघींत तेच घटक त्याच क्रमानं असतील तर त्या समान, इकडून विचारा की तिकडून. कारण समानता कशावर ठरायची हे त्यांच्या वरच्या 'लिस्ट' या करारानं आधीच ठरवून दिलं आहे आणि खाली कुणी त्यात आपली भर घालत नाही. घराण्याचा नियम वडीलधाऱ्यांनी एकदा नीट घालून दिला, तर भावंडांत वाद होत नाही.

भाषांनीही धडा घेतलेला दिसतो. 2014 च्या जावा 8 मध्ये तारीख-वेळेचे नवे क्लास आले, ते कुणालाही वारशानं वाढवता येत नाहीत. 2021 च्या जावा 16 मध्ये 'रेकॉर्ड' नावाचा प्रकार कायम झाला, त्यालाही अपत्य होऊ शकत नाही. कोटलिनचे डेटा क्लासही तसेच बंद. नव्यानं शिकणारी मुलं कधी कधी कुरकुरतात की हे दार का लावून घेतलं. मी त्यांना ती टिंब-शून्याची छपाई दाखवते.

त्या दिवशी दुपारी मी फाइलच्या आणि डेटाबेसच्या दोन्ही वेळा दारातच मिलिसेकंदांच्या आकड्यात बदलून घेतल्या आणि मग आत सोडल्या. दोन्ही अहवाल जुळले. सचिवांना फोन केला, बिल काढा. ते म्हणाले, "बरं झालं, माणसं कट्ट्यावर बसूनच हाईत." पावत्यांचे क्लास नव्यानं बांधायला पुढं तीन आठवडे लागले.

तेव्हापासून माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक इक्वल्ससोबत दोन ओळींची चाचणी असते. पहिली क ला ख बद्दल विचारते, दुसरी ख ला क बद्दल. तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल आणि तुमच्या कोडमध्ये एका क्लासनं दुसऱ्याचा वारसा घेऊन रकाना वाढवलेला असेल, तर ती दुसरी ओळ आज घरी जायच्या आधी लिहा. तिसऱ्या वस्तूची ओळ उद्या लिहिलीत तरी चालेल, पण बिलाच्या दिवसाआधी लिहा.